आठवीतली मुलगी अजून ‘इंग्लिश लर्नर’, तिच्या आईला काय सांगू?

मेघना_फ्रेझ्नो
संध्याकाळी इथल्या लायब्ररीत मी मुलांना गणित शिकवते. बहुतेक मुलं मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांची. त्यातली एक आठवीत आहे. जन्म इथलाच, मैत्रिणींशी भांडते तीही इंग्रजीत. पण बालवाडीत नाव घालताना आईने फॉर्मवर घरची भाषा स्पॅनिश लिहिली, तेव्हापासून शाळेच्या दप्तरी ती ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे इंग्रजी अजून शिकणारी. दरवर्षी अशा मुलांसाठीची राज्याची इंग्रजीची एल्पॅक परीक्षा देते, बोलण्या-ऐकण्यात उत्तम, लेखनात अडकते. आता नववीत इंग्रजीचा जादा तास लावणार आणि कॉम्प्युटरचा विषय सुटणार म्हणे. दोन चलांची समीकरणं तोंडी सोडवणारी मुलगी आहे हो ही! फार जीव तुटतो.

आई सहावी शिकलेली, द्राक्षाच्या मळ्यात कामाला. शिक्षकांना उलट विचारणं तिला उद्धटपणा वाटतो. शिवाय तिच्याकडे कागदपत्रं नाहीत, त्यामुळे शाळेत जायलाच घाबरते. कुणाला भेटायचं, काय विचारायचं?

सुलभाताई
मी कॅलिफोर्नियात हायस्कूलला शिकवते. मेघना, काउन्सेलरची वेळ घे आणि ‘रीक्लासिफिकेशन’साठी, म्हणजे ‘इंग्लिश लर्नर’ हा शिक्का निघण्यासाठी, नेमकं काय कमी पडतंय ते विचार. एल्पॅकची एकूण पातळी ४ लागते. शिक्षकांचं मत, पालकांशी सल्लामसलत आणि मूलभूत इंग्रजी कौशल्यंही बघतात. म्हणजे आईचं म्हणणं हा प्रक्रियेचाच भाग आहे, उद्धटपणा कसला?

दुभाषी आधीच मागून ठेव. मुलीला दुभाषी करू नका. स्वतःबद्दलची तक्रार आईला गाळून सांगणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा काय दोष?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ए-जी विषय. यूसी किंवा कॅल स्टेट या राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेशासाठी १५ विषय किमान ‘सी’ ग्रेडने लागतात, गणित तीन वर्षं. राज्याच्या हायस्कूल डिप्लोमाला, म्हणजे बारावी पास व्हायला, गणित दोनच वर्षं पुरतं. त्यामुळे मूल पास होतं, घरी आनंद होतो आणि विद्यापीठाचं दार बंद असतं. हे आईला आत्ताच सांग, बारावीत नको. परभाषेच्या अटीत तिचं स्पॅनिश चालतं, तिथे ती पुढेच आहे.

नितीन_ह्यूस्टन
कागदपत्रांबद्दल: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचा हक्क दिला. टेक्सासातल्या टायलर गावची शाळा अशा मुलांकडून वर्षाला १००० डॉलर मागत होती, त्यावरून खटला झाला. तुमची मुलगी तर नागरिकच आहे. पालकसभेला आईला इमिग्रेशनचे कागद दाखवायची गरज नाही.

आणि ‘या लोकांना शिक्षणाचं काही नसतं’ असं आपल्या मंडळींत सर्रास ऐकू येतं, त्याचा मला राग येतो. २००० साली १६ ते २४ वयाच्या हिस्पॅनिक तरुणांपैकी सुमारे २८ टक्के डिप्लोमाविना शाळेबाहेर होते, २०२२ मध्ये सुमारे ८ टक्के. त्यातही कामासाठी मोठेपणी आलेले, इथल्या शाळेत कधी न गेलेलेही मोजतात. सहावी शिकलेल्या आईची मुलगी बीजगणित करते, ही एका पिढीतली झेप आहे. आपल्यापैकी बरेच जण पदवीधर आईबापांच्या घरातून आलो. तुलना कशाशी करतो आपण?

मेघना_फ्रेझ्नो
सुलभाताई, नितीन, मनापासून आभार. आईशी बोलले. ए-जीबद्दल तिला कुणीच सांगितलं नव्हतं. गुरुवारी मळ्यातून सुटल्यावर दोघी जातोय, दुभाषी मागितलाय. लेखनाचा सराव कुठून सुरू करू?

सुलभाताई
मागच्या एल्पॅकचा निकाल गुरुवारी मागून घे, वाचन आणि लेखनाची पातळी बघू. तोवर तिला रोज एक परिच्छेद लिहू दे, विषय तिच्या आवडीचा.