प्रतिसाद: १८० वरचा केक करपण्याबद्दल

ऐरोलीच्या ताई, १८० अंशांना लावलेला केक वरून करपतो आणि मध्ये गिच्च राहतो म्हणालात, तर मैद्यापेक्षा ओटीजीवरच (रॉडने तापणारा छोटा विजेचा ओव्हन) संशय घ्या. वरच्या प्रतिसादांत काहींनी वेळ कमी करायला सांगितलंय, त्याने आतला कच्चेपणा वाढेल.

ओव्हनमध्ये ठेवायचा काट्याचा थर्मामीटर आणा. मधल्या जाळीवर मधोमध ठेवा, भिंतीला टेकवू नका. १८० लावा, दोन्ही रॉड चालू. रॉडची लाली पहिल्यांदा विझली की लगेच आकडा घेऊ नका. तेव्हा हवा तापलेली असते, पत्रा नाही. २५ मिनिटं थांबा, मग दर ५ मिनिटांनी काचेतूनच सहा वेळा आकडा टिपा. दार उघडलंत की पुन्हा पहिल्यापासून. थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) रॉड चालू-बंद करत राहतो, त्यामुळे काटा वरखाली होणारच, सरासरी धरा. ती २०० आली तर नॉब १६० वर ठेवून पुन्हा मोजा, आणि सरासरी १८० येईल तिथे नॉबजवळ मार्करने खूण करा. १५० आणि २२० लाही तपासाच, फरक सगळीकडे सारखा नसतो.

थर्मामीटर नसेल तर साखर. ती साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलवर चमचाभर पसरून १५ मिनिटं ठेवा: नॉब १७५ ला असताना दाणे सुटे राहायला हवेत, १९० ला असताना वितळायला हवेत.

आपल्याकडच्या छोट्या ओट्यांवर ओटीजी भिंतीला चिकटवतात, तसं करू नका. मागे चार इंच तरी सोडा. आणि प्लग १६ अँपिअरच्याच सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शनवर नको.