हार्मोन्सने आवाज आपोआप बदलतो?

हार्मोन्स घेतले की आवाज आपोआप बदलतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. ट्रान्स पुरुषांबाबत, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषांबाबत, ते बरंचसं खरं. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात. पण एकदा जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेनने पुन्हा पातळ होत नाहीत. म्हणून ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या स्त्रियांना, सरावच करावा लागतो, आणि नुसती पट्टी चढवून भागत नाही, आवाजाचा घुमाराही बदलावा लागतो.

मी दादरला हेच शिकवते. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत 'ऊ' धरायचा, मग रोजची वाक्यं. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या नालसा निकालाने आपली लिंग-ओळख आपण ठरवायचा हक्क दिला, त्याला आवाजाची अट नव्हती, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. तरी एक मुलगी महिनाभर एकच वाक्य घोकत होती, "दादा, दोन वडापाव, चटणी जास्त." परवा गाडीवाला "घ्या ताई" म्हणाला. पुड्या तशाच हातात घेऊन ती क्लासला धावत आली.