७२ हजार वस्तीचं शहर, ३० वर्षांनंतरची पाण्याची मागणी नक्की किती धरायची?

पाटकरी
नमस्कार मंडळी. एका छोट्या शहराच्या पाणीपुरवठा विभागात ज्युनियर इंजिनियर आहे. नवीन योजनेचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) चाललाय आणि लोकसंख्येच्या आकड्यावरच घोडं अडलंय.

दर दहा वर्षांचे मागचे चार आकडे असे, ३८ हजार, ४७ हजार, ६१ हजार आणि आता ७२ हजार. कन्सल्टंटने जॉमेट्रिक पद्धत लावून ३० वर्षांनंतर १,३६,००० काढली. मी साध्या अरिथमेटिकने (दर दशकाला सरासरी तेवढीच माणसं वाढतात असं धरून) बघितलं तर १,०६,००० येते आणि इन्क्रिमेंटल इन्क्रीजने (त्या वाढीतला सरासरी बदलही धरून) १,१२,०००. गणित तिन्ही ठिकाणी बरोबर आहे, परत परत तपासलंय. म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यात ३० हजार माणसांचा फरक, माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर ४ एमएलडी (दिवसाला ४० लाख लिटर), आणि आमची आजची सगळी मागणीच कागदावर ९.७ एमएलडी आहे हो! साहेबांचं म्हणणं मोठाच आकडा धरा, कमी पडलं म्हणून मोर्चे झेलण्यापेक्षा जास्त झालेलं बरं.

दुसरी गोष्ट जी मला झोपू देत नाही ती म्हणजे प्लांटमधून आजच रोज ११ एमएलडी पाणी निघतं. कागदावरच्या मागणीपेक्षा जास्त. तरी रोज दोन तास पाणी सोडतो आणि टोकाच्या वस्त्यांत नळाला धार नाही. मग नवीन योजनेत २१-२२ एमएलडी आणून तरी हे सुटणार का? जाणकारांनी सांगा.

जॅकवेल
पाटकरी, तीन पद्धतींनी तीन आकडे येणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जॉमेट्रिक असं धरून चालते की शहर ज्या टक्क्याने वाढलं त्याच टक्क्याने वाढत राहणार. तुमच्या आकड्यांत वाढीचा टक्का २४, मग ३०, आणि शेवटच्या दशकात १८ आहे. टक्का खाली आलेला दिसतोय तरी सरासरी लावून पुढची तीस वर्षं ओढली की आकडा फुगतो. कोवळ्या, झपाट्याने पसरणाऱ्या शहराला ती ठीक. जुनं, भरलेलं शहर असेल तर अरिथमेटिक जवळ जाते.

पण खरं सांगू का, सूत्रापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा. मधल्या दशकात १४ हजार माणसं का वाढली? हद्दवाढ झाली होती का? कारखाना आला, कॉलेज आलं, रस्ता झाला? हद्दवाढ असेल तर ती वाढ खरी वाढच नाही, आजूबाजूची माणसं नुसती तुमच्या रजिस्टरात आली. असा आकडा सुधारल्याशिवाय कुठलंही सूत्र लावू नका. आणि विकास आराखडा काढून बघा कुठल्या भागात किती घरं बसू शकतात, कारण पाइप शहराच्या एकूण आकड्याला टाकत नाहीत, वॉर्डाच्या आकड्याला टाकतात. शहर १५ हजारांनी वाढलं आणि सगळे एकाच बाजूच्या माळावर राहायला गेले तर गावठाणातली मोठी लाइन काय चाटायची?

साहेबांच्या "मोठाच धरा" वर येतो नंतर, आत्ता साइटवर आहे.

फेरूल_बाबा
दादा लोकसंख्या राहू द्या बाजूला, आधी हे सांगा की ११ एमएलडी निघतं त्यातलं बिलात किती दिसतं? घरोघरी मीटर आहेत का?

पाटकरी
बहुतेक कनेक्शनला आहेत. बिलांची बेरीज केली तर रोजची सरासरी साडेसहा एमएलडीच्या आसपास येते.

फेरूल_बाबा
झालं तर मग. ११ मधून ६.५ गेले, साडेचार एमएलडीचा हिशोबच नाही, ४१ टक्के! आणि तुम्ही भांडताय तीस वर्षांनंतरच्या ४ एमएलडीसाठी. तेवढंच पाणी आज जमिनीत मुरतंय नाहीतर फुकट जातंय.

पण एक लक्षात घ्या, हे सगळं गळतीच असेल असं नाही. काही मीटर म्हातारे झालेले असतात, बारीक धारेला फिरतच नाहीत. टाकीच्या बॉलकॉकमधून (तरंगत्या चेंडूच्या नळातून) ठिबकत भरलं की जुना मीटर झोपलेला. काही कनेक्शन रजिस्टरातच नाहीत. हे कागदावरचं नुकसान, ते दुरुस्त केलं तर पैसा येतो, पाणी वाढत नाही (बिल यायला लागलं की लोक जपून वापरतात तेवढंच). खरी गळती बंद केली तर मात्र पाणी येतं. दोन्ही वेगवेगळे मोजल्याशिवाय डीपीआरमध्ये "गळती १५ टक्के" असं छापणं म्हणजे नुसती पूजा घालणं.

मोजायचं कसं ते सांगतो. एक झोन निवडा, शेजारच्या झोनला जोडणारे व्हॉल्व्ह पक्के बंद, टाकीच्या आउटलेटला मीटर. लाइन रात्रभर चार्ज (पाण्याने भरलेली, दाबाखाली) ठेवा, निदान त्या आठवड्यापुरती, कारण दोन तास पाणी सोडणाऱ्या शहरात रात्रीचा फ्लो बघायला मिळतच नाही. सगळ्यांच्या टाक्या भरल्यावर रात्री दोन ते चार मध्ये जो प्रवाह मीटरवर दिसतो तो जवळपास गळतीच, एवढ्या रात्री कोण नळ सोडून बसतंय. मग एकेक गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि टाकीपाशी बसलेल्या माणसाला फोनवर विचारायचं किती पडला. एक व्हॉल्व्ह फिरवला आणि आकडा दाणकन खाली आला की समजायचं चोर त्या गल्लीत आहे. मग लोखंडी लिसनिंग रॉड व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर टेकवायचा, दुसरं टोक कानाला. बारीक भोक असेल तर सूं असा तीक्ष्ण आवाज येतो, पाइप चांगलाच फुटला असेल तर उलट घुमल्यासारखा जड येतो. बऱ्याच वेळा सापडतं ते मेन लाइनवर नाहीच, फेरूलपाशी (मेन लाइनला घराचं कनेक्शन जोडतात तिथे) किंवा गंजलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सर्व्हिस लाइनवर. वर डांबर, खाली रात्रंदिवस धार, रस्त्यावर थेंब नाही कारण पाणी बाजूच्या गटारात उतरतंय.

आणि हे अशक्य वगैरे अजिबात नाही. कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये १९९३ ला ७२ टक्के पाणी हिशोबाबाहेर होतं, दिवसाला जेमतेम दहा तास पुरवठा. पुढच्या वीसेक वर्षांत तेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि पाणी चोवीस तास. पाइप बदलले, सगळ्यांना मीटर लावले, बिनकनेक्शनवाले शोधून काढले.

तुमचं ४१ चं नुसतं २० टक्क्यांवर आणलंत तरी ११ एमएलडीतून ८.८ लोकांपर्यंत पोचेल. त्यातली जेवढी खरी गळती असेल तेवढं, सगळी असेल तर सव्वादोन एमएलडी, नवीन पाणी, ना जॅकवेल (नदीतून पाणी उपसायची विहीर) ना धरण.

कोरडा_पाट
फेरूल बाबांशी सहमत पण टोकाच्या वस्तीला धार नाही ह्याचं मुख्य कारण गळती नाही, दोन तास आहे. दिवसभराचं पाणी दोन तासांत ढकललं की लाइनमधला प्रवाह सरासरीच्या बारापट होतो. चोवीस तास पाणी असेल तर सर्वात गर्दीच्या तासालाही तो अडीच-तीनपटच्या पुढे सहसा जात नाही. आणि पाइपमधलं हेडलॉस (घर्षणाने वाटेत संपणारा दाब) प्रवाहाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतं (हेझन-विल्यम्सच्या सूत्रात घात १.८५२). हिशोब करा, अडीचपटच्या तुलनेत बारापट म्हणजे हेडलॉस अठरापट! टाकी कितीही उंच बांधा, सगळं प्रेशर वाटेतच संपतं. त्यात पाणी आलं की प्रत्येक घर एकदम मोटर लावतं, मग टाकीजवळचे भरून घेतात आणि टोकाचे बघत बसतात. म्हणून २२ एमएलडी आणून ते दोनच तास सोडलंत तर टोकाची बोंब तशीच.

वरून पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी, आत व्हॅक्युम, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून गटाराचं आत येतं. सकाळी पहिली दहा मिनिटं गढूळ येतं ते बरेचदा ह्याच्यामुळे.

पाटकरी
अठरापट... हे आमच्याकडे कोणी बोललंच नाही कधी. पण सर, चोवीस तास सोडलं तर लोक जास्त वापरणार नाहीत का? आणि गळतीपण चोवीस तास चालेल.

कोरडा_पाट
गळतीबद्दल बरोबर बोललात. गळक्या लाइनवर नुसते तास वाढवले तर प्लांट उपसून रिकामा होईल. म्हणून झोन-झोन घ्या, आधी एक झोन मीटरसकट घट्ट करा, मग त्याचे तास वाढवा, मग पुढचा. रात्री मागणी नसते तेव्हा प्रेशर वाढतं, तिथे पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) बसवून खाली आणा, प्रेशर उतरलं की गळतीही उतरते. वापराचं म्हणाल तर मीटर आणि टप्प्याटप्प्याचा दर असेल तर फार वाढत नाही. उद्या येणार नाही म्हणून भरून ठेवलेलं आणि सकाळी ओतून दिलेलं पाणी तरी वाचतं.

जॅकवेल
आलो. "मोठाच धरा" बद्दल.

हे अर्धं बरोबर आहे. योजनेच्या सगळ्या भागांना एकच वर्ष लावायचं नसतं. पंप-मोटर पंधरा वर्षांत तसेही बदलायला येतात, त्यांना तीस वर्षांची मागणी दाखवू नका, मोठा पंप अर्ध्या डिस्चार्जवर चालवला की एफिशियन्सी जाते आणि वीजबिल मात्र त्या मानाने कमी होत नाही. फिल्टर प्लांट मॉड्यूलमध्ये बांधा, आत्ता पंधरा वर्षांपुरता आणि दुसऱ्या मॉड्यूलची जागा, इनलेट चॅनल, पाइपची तोंडं आजच सोडून ठेवा. जमीन मात्र पूर्ण तीस वर्षांची आणि त्याहून जास्त घ्या, ती नंतर मिळत नाही. रायझिंग मेन (पंपापासून पाणी वर चढवणारी मुख्य लाइन) पण पुढची बघून टाका, कारण खोदाई तेवढीच लागते आणि ३०० ऐवजी ४०० मिमी टाकली की तेवढ्याच हेडलॉसमध्ये दुपटीहून जास्त पाणी जातं.

पण गल्लीबोळातल्या लाइनला हा न्याय लावू नका. तिथे पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की पाणी आत रेंगाळतं, क्लोरीन उतरतं, तळाशी गाळ बसतो. पूर्व जर्मनीत एकीकरणानंतर नेमकं हेच झालं, कारखाने बंद पडले, माणसं पश्चिमेला गेली, पाण्याला खरे दर लागले आणि वापर एकदम पडला. मोठमोठ्या लाइनी तशाच राहिल्या, आता त्या मुद्दाम पाणी सोडून धुवाव्या लागतात. साहेबांना सांगा जास्त झालेलंही नेहमी बरं नसतं.

आणि एक बारकी गोष्ट, गळती १५ टक्के धरायची तर मागणीला १.१५ ने गुणू नका, ०.८५ ने भागा. १,३६,००० माणसांना १८.३६ लागतात, गुणून २१.१ येतं, भागून २१.६. अर्धा एमएलडी इथेच गायब होतो. गळती ४० टक्के असेल तर हाच फरक पाच एमएलडीच्या जवळ जातो.

नदीकाठ_९
सगळे नळाच्या बाजूने बोलताय, उगमाचं कोणीच विचारलं नाही 🙂 २२ एमएलडी मंजूर झालं तरी नदीत ते कोरड्या वर्षी असणार आहे का? सरासरी पावसावर जाऊ नका, प्रवाहाची जेवढी जुनी नोंद मिळेल तेवढी काढा आणि त्यातली सलग दोन-तीन वाईट वर्षं एकापुढे एक ठेवून साठा चालवून बघा. एक दुष्काळ बहुतेक योजना निभावतात, लागोपाठचे दुष्काळ मारतात. केप टाउनला २०१५ ते २०१७ असं लागोपाठ झालं, २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली. शहराने वापर निम्म्याच्या खाली आणला म्हणून नळ बंद व्हायचे वाचले. पण त्यातून हेही दिसलं की माणशी १३५ वगैरे आकडा दगडावरची रेघ नाही. म्हणून डीपीआरमध्ये टंचाईचं वेगळं पान ठेवा, धरण किती खाली गेलं की किती कपात, कोणाची आधी, हे आधीच लिहिलेलं असलं की ऐनवेळी भांडणं होत नाहीत.

शिवाय जेवढं पाणी घरांत पोचेल त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येणार. २२ आणलं तर १५ टक्के गळती जाऊन १५ एमएलडीच्या आसपास मैला पाण्याची सोय कुठेय? ती नसेल तर तेच पाणी तुमच्या किंवा खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये.

पाटकरी
सर्वांचे खूप आभार. मग असं मांडतो, लोकसंख्या तीनही ठेवतो पण हद्दवाढीतला काही आकडा असेल तर तो वगळून, आणि वॉर्डवार. पंप आणि प्लांट १,०६,००० च्या रेषेवर पंधरा वर्षांपुरते, जागा आणि रायझिंग मेन १,३६,००० ला. गळतीचा आकडा छापायच्या आधी एका झोनमध्ये रात्रीचं मोजमाप. नेटवर्क ईपॅनेटमध्ये (पाइपांच्या जाळ्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) टाकून बघतो, फुकट आहे म्हणे. साहेबांना टाकीवरच्या मीटरसाठी पटवणं सगळ्यात अवघड, ते म्हणतील योजना मोठी दाखवायची सोडून हा आधी मीटर मागतोय.

फेरूल_बाबा
त्यांना ४.५ एमएलडी दाखवा, आपोआप पटेल. आणि तो बल्क मीटर (टाकीच्या आउटलेटचा मोठा मीटर) बसवताना स्वतः उभे राहा. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट तरी सरळ लांबी पाहिजे आणि नंतर दोन-तीनपट, लगेच बेंड किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह नको, नाहीतर तो काहीही आकडा दाखवेल. पाइप भरून वाहतोय ना तेपण बघा, हवा गेली तरी मीटर चुकतो. पहिलं रीडिंग आलं की इथे टाका, एकत्र बघू.