धागा: घरचा स्पीकर कसा उडवलात?

सुरुवात माझ्यापासून. गणपतीत घरच्या आरतीला अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) फुल. झांजा आधी चरचरल्या, मग आवाज एकदम गोधडी पांघरल्यासारखा. दोन्ही ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर, गेले. अँप ४० वॅटचा, स्पीकर १०० वॅटचे, म्हणून मी निर्धास्त! पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, अँप लहान म्हणूनच गेले." कुवतीबाहेर ताणला की अँप लाटेची टोकं छाटतो. त्या छाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची ऊर्जा वाढते, ती थेट ट्वीटरच्या केसाएवढ्या तारेवर येते. तुम्ही काय जाळलंत?

वायरवाला:
मी आवाज नाही, बास चढवला. बास ६ डेसिबलने वाढवला की त्या पट्टीत वॅट चौपट लागतात, हे नंतर कळलं. वूफरमधून (बासच्या मोठ्या स्पीकरमधून) टक् टक् यायला लागलं, मला वाटलं गाण्यातलाच ठेका आहे. कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, मागच्या पत्र्यावर आपटत होती! मग जळका वास. नवीन कॉइल आणि पेपर (पुढचा थरथरणारा पडदा) घालून घेतला. पण जोडीतल्या दुसऱ्याशी सूर काही जुळत नाही.

मी_सातारकर:
वाढदिवसाला एकाच टर्मिनलवर ४ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले. झाले २ ओम, म्हणजे विजेला अडथळा निम्मा आणि अँपवर ताण जास्त. स्पीकर ठणठणीत, अँप गेला. 😄

खुडबुड्या:
चालू अँपची पिन उपसू नका. धप्प! तेव्हापासून माझा एक वूफर खरखरतो. संशय आला तर अँप बंद करून पेपर दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. घासल्यासारखं लागलं तर कॉइल गेली. सुटा वूफर मल्टीमीटरवर ८ ओमचा असेल तर साधारण ६-७ दाखवतो. काहीच नाही दाखवलं तर तार तुटलीय.

लेकुरवाळी:
आईने आवाजाच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. त्यापुढे गेलं की जेवण बंद.

धागाकर्ता:
ठिपका झकास, पण फसवा. मोबाईलचा आवाज पूर्ण असेल तर माझा अँप निम्म्या बटणावरच फाटतो, आणि जुनी कॅसेट लावली तर तेच बटण पाऊणपर्यंत फिरवलं तरी काही होत नाही. मी आता झांजांकडे कान ठेवतो. चरचरल्या की बटण मागे. बायको म्हणते, आरतीत लक्षच नसतं तुमचं.