थेंब डोळ्यात, परिणाम छातीवर

थेंब डोळ्यातच राहतात, मग बाकी शरीराला काय होणार, असं कुणी विचारेल. काचबिंदूसाठी डोळ्यात घालतात त्या टिमोलॉल या औषधाच्या बाबतीत ते खरं नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून औषध नाकात उतरतं आणि यकृताला वळसा घालून थेट रक्तात मिसळतं. त्याने नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला जोराची धाप लागू शकते. माझ्या वडिलांची नाडी ४८ वर आली होती, चक्कर यायची. आम्ही महिनाभर वयालाच दोष देत बसलो! दमा, हृदयाचा त्रास असेल तर नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगा. मधुमेहींनीही, कारण साखर उतरल्याची धडधड या औषधाने झाकली जाते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. मनाने मात्र औषध बंद करू नका, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.