मदत हवी आहे: विकसनशील देशाने शाश्वत पर्यटनासाठी नेमकं काय करावं? (तातडीचं)

घाईत_आहे
मंडळी, परवा सकाळपर्यंत शाश्वत पर्यटन आणि हॉटेल व्यवसायाबद्दलच्या सरकारी धोरणावर टिपण द्यायचं आहे. गुगल करून झालं. जिकडेतिकडे तेच: 'सर्व घटकांना विश्वासात घ्यावे', 'जनजागृती करावी', 'समतोल साधावा'. याचं काय लोणचं घालू? मला सरकारला खरोखर वापरता येतील अशी दोन-तीन साधनं हवी आहेत. पहिल्या मसुद्यात भूतान लिहिलं होतं, 'भूतान सगळेच लिहितात' असा शेरा मारून परत आलं. कृपया लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही.

हिशेबनीस
टिपण द्यायचंय कोणाला? धोरण मंत्रालयाच्या पातळीवरचं की पालिकेच्या? किनारा, डोंगर, अभयारण्य, जुनं शहर, काय आहे? आणि 'शाश्वत' म्हणजे तुम्हाला पाणी-कचरा अभिप्रेत आहे की स्थानिकांचं उत्पन्न? यातलं काहीच सांगितलेलं नाही, आणि वर लिंकाही नकोत.

घाईत_आहे
सगळंच हवंय. विकसनशील देश असं लिहिलंय ना शीर्षकात.

हिशेबनीस
शीर्षकात रवांडाही बसतो आणि मालदीवही. दोघांना एकच औषध चालणार नाही. असो, तुमची मर्जी.

पानगळ
भूतान का नको म्हणे? 'मोजके पर्यटक, जास्त उत्पन्न' हेच तर खरं धोरण. १९७४ मध्ये दारं उघडली तेव्हापासून त्यांनी ते सोडलेलं नाही. बाकीचे देश गर्दी जमवतात आणि मग रडतात. शुल्क वाढवा, प्रश्न मिटला.

आकडेमोड
पानगळ, इतकं सोपं नाही ते. २०१९ मध्ये भूतानला ३ लाखांहून जास्त पर्यटक आले, त्यांतले बहुतेक भारतीय, आणि भारतीयांना तेव्हा ते रात्रवार शाश्वत विकास शुल्क लागूच नव्हतं. म्हणजे 'मोजके' हे फक्त डॉलरवाल्यांपुरतं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये शाश्वत विकास शुल्क ६५ डॉलरवरून थेट माणशी रात्रीला २०० डॉलर केलं. वर्षभरात १०० वर आणावं लागलं, कारण हॉटेलवाले आणि गाइड बसून होते. शुल्क हा नळ आहे हे खरं, पण किती सोडायचा ते त्यांनाही जमलेलं नाही. शेरा मारणाऱ्याचं बरोबर आहे.

पानगळ
कमी केलं म्हणजे फसलं असं होत नाही. शुल्क आहेच ना अजून? त्या पैशातून तिथे उपचार आणि शिक्षण मोफत मिळतं.

आकडेमोड
फक्त त्याच पैशातून नव्हे. जलविद्युतीचं उत्पन्न विसरलात.

भटक्या_७७
भारतीयांना आता किती लागतात हो भूतानला? बायकोला घेऊन ऑक्टोबरात जायचा विचार आहे. आणि गाइड सक्तीचा आहे का?

आकडेमोड
माणशी रात्रीला १२०० रुपये. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा.

खारवारा
शुल्कापेक्षा हक्क मोठा. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून सामूहिक जमिनीवरच्या लोकांना संघटित होऊन वन्यजीव आणि पर्यटन यांतून उत्पन्न घ्यायचा अधिकार दिला. १९९८ मध्ये पहिली 'कॉन्झर्व्हन्सी' (अशा लोकांची संघटना आणि तिचं क्षेत्र) नोंदवली गेली, आता ८० हून जास्त आहेत आणि देशाचा साधारण पाचवा भाग त्यांत येतो. लॉजवाल्याला करार मंत्रालयाशी नाही, त्या लोकांच्या समितीशी करावा लागतो. प्राण्याला जिवंत ठेवण्यात गावाचा पैसा आहे, म्हणून गाव राखण करतं. घाईत, हे टाका टिपणात.

हिशेबनीस
आणि कोविडमध्ये पर्यटक बंद झाले तेव्हा त्याच समित्यांकडे राखणदारांचे पगार द्यायला पैसे नव्हते, बाहेरून निधी उभा करावा लागला, हेही टाका. गावाचं सगळं उत्पन्न एका परदेशी पाहुण्यावर टांगायचं आणि त्याला शाश्वत म्हणायचं, यात मला जरा अडचण वाटते.

खारवारा
मग शिकार-जंगलतोड करणारं गाव जास्त शाश्वत का?

हिशेबनीस
तसं कोण म्हणालं? उत्पन्नाचे दोन-तीन झरे हवेत, एवढंच. तुम्ही लगेच टोकाला जाता.

ध्येयनिष्ठ
संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी ८.९ आणि १२.ब ही लक्ष्यं थेट पर्यटनाशी निगडित आहेत. तसंच २०१७ हे विकासासाठी शाश्वत पर्यटनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. टिपणाच्या सुरुवातीला हे घ्यावं. लक्ष्य १४.७ मध्येही लहान बेटांच्या संदर्भात पर्यटनाचा उल्लेख आहे.

घाईत_आहे
ध्येयं नकोत हो. ध्येयांचंच पान भरलंय माझं. करायचं काय ते सांगा. हॉटेलांबद्दल कोणीच बोलत नाहीये, सगळे जंगलात शिरलेत.

मीटरवाला
आता बोलतो. हॉटेलांच्या देखभालीत आयुष्य गेलं आहे माझं, बंगल्याएवढ्या हॉटेलांपासून पाचशे खोल्यांपर्यंत. धोरणकर्ते 'हरित हॉटेल'चा अर्ज छापतात, त्यात 'टॉवेल रोज बदलू नका'ची पाटी लावली की गुण मिळतात. खरा खेळ तळघरात असतो. सांडपाणी प्रक्रिया संयंत्र बसवलेलं असतं, कारण त्याशिवाय परवाना नाही. पण ते चालवायला वीज लागते, माणूस लागतो, गाळ उपसावा लागतो. तपासणी जाहीर तारखेला असते, त्या दिवशी सांडपाण्यात हवा सोडणारे ब्लोअर घरघरतात, एरवी बायपासचा व्हॉल्व्ह उघडा, पाणी प्रक्रियेशिवाय बाहेर. ही एका हॉटेलाची गोष्ट नाही.

फिलिपिन्समधल्या बोराकायचं काय झालं? २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने अख्खं बेट पर्यटकांना बंद, कारण हॉटेलांचं सांडपाणी पावसाळी गटारांतून समुद्रात जात होतं. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते त्याला उकिरडा-गटार काय काय म्हणाले. नियम त्याआधीही होते. जोडणी तपासायला कोणी गेलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एकच: बोअरवेलला मीटर, संयंत्राच्या विजेला वेगळा मीटर, आणि परवाना नूतनीकरण त्या आकड्यांवर. संयंत्राची वीज खोल्या किती भरल्या त्याच्याशी जुळत नसेल तर ते बंद असतं, त्याला पर्यावरणतज्ज्ञ लागत नाही. घाईत, तुमच्या देशात हॉटेलं महापालिकेच्या पाण्यावर आहेत की टँकरवर?

घाईत_आहे
माझा देश नाहीये तो. काल्पनिक आहे.

हिशेबनीस
काय???

घाईत_आहे
प्रशिक्षणातला सराव आहे. सरकारी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण असतं, त्यात एक काल्पनिक देश देतात: लांब किनारा, थोडं जंगल, डोक्यावर परदेशी कर्ज, करवसुलीला माणसं कमी, निम्म्याहून जास्त निवासव्यवस्था नोंदणीशिवाय चालते. त्याच्यासाठी तीन पानी टिपण. यात सांगण्यासारखं काय होतं?

हिशेबनीस
सगळं! कर्ज आहे म्हणजे परकीय चलन बंद करून चालणार नाही, तेव्हा बोराकायसारखी टाळेबंदी बाद. माणसं कमी म्हणजे मीटरवाल्यांची तपासणी अर्धी बाद. नोंदणीच नाही म्हणजे कर लावणार कोणावर? हे पहिल्या प्रतिसादातच विचारलं होतं.

मीटरवाला
तपासणी बाद का? माझ्या पद्धतीला उलट माणसं कमी लागतात. आकडे वीज मंडळाकडे असतातच, फक्त मागायचे.

वहीखाते
नोंदणीचा मुद्दा खरा आहे. मालदीवकडे बघा. आधी तिथे एक बेट एक रिसॉर्ट, लोकवस्तीच्या बेटांवर पर्यटक राहत नसत. साधारण २००९ पासून गावांतल्या पाहुणेघरांना वाट मोकळी झाली. मग हरित कर आला: २०१५ मध्ये रिसॉर्टना माणशी रात्रीला ६ डॉलर, पुढच्या वर्षी पाहुणेघरांना ३. जानेवारी २०२५ पासून दुप्पट, १२ आणि ६. लहानाला कमी, मोठ्याला जास्त. लहान मालकाला नोंदणी करायला घाबरण्याचं कारण उरत नाही. पहिली दोन वर्षं नोंदणीकृत लहान घरांना शून्य कर ठेवा, पाण्याची जोडणी मात्र फक्त नोंदणीवाल्यालाच द्या. बघा रांग लागते का.

आणि एक. बरेच विकसनशील देश मोठ्या हॉटेलांना दहा-दहा वर्षं करमाफी, आयातशुल्क माफी देतात. फर्निचर, दारू, कधीकधी भाजीसुद्धा बाहेरून. मग पर्यटकाच्या पैशातला मोठा हिस्सा देशात थांबतच नाही. एका हाताने करमाफी आणि दुसऱ्या हाताने हरित कर, असली धोरणं मी बरीच पाहिली. माफी द्यायचीच तर स्थानिक खरेदीच्या प्रमाणात द्यावी.

पानगळ
सक्तीच करा ना. 'ऑल इन्क्लुझिव्ह' (राहणं-खाणं-पिणं एकाच दरात) पॅकेजवर बंदी घाला, पर्यटक आपोआप बाहेर जेवेल, बाहेर खर्च करेल.

वहीखाते
गांबियाने १९९९ मध्ये घातली होती. पुढच्याच वर्षी मागे घेतली. पॅकेज विकणाऱ्या युरोपातल्या कंपन्या दुसरा किनारा दाखवू शकतात, छोट्या देशाला दुसरा ग्राहक दाखवता येत नाही.

खारवारा
इंडोनेशियाने कोमोडोला (महाकाय सरड्यांच्या बेटाला) २०२२ मध्ये प्रवेशशुल्क साडेसदतीस लाख रुपिया करायचं जाहीर केलं, तेव्हा तिथल्या पर्यटन कामगारांनीच संप केला आणि बेत बारगळला. शुल्कवाल्यांनी हे वाचावं.

पानगळ
आणि रवांडा? गोरिला बघायचा परवाना २०१७ मध्ये ७५० वरून १५०० डॉलर. टिकला की!

खारवारा
टिकला, कारण डोंगरी गोरिला जगात तीनच देशांत दिसतात. किनारे शंभर देशांत आहेत. शिवाय रवांडाने त्याच वर्षी उद्यानांच्या उत्पन्नातला आसपासच्या गावांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० वर नेला. शुल्क आणि वाटा एकाच निर्णयात होते. कोमोडोत बोटवाल्याला दिसलं ते फक्त शुल्क.

सुमतीताई
कोस्टारिकाचं कोणीच कसं नाव घेत नाही? १९९७ पासून हॉटेलांना शाश्वततेचं सरकारी प्रमाणपत्र, सुरुवातीला पाच पातळ्यांचं. ऐच्छिक आहे, पण चांगलं चाललंय.

मीटरवाला
ताई, ऐच्छिक प्रमाणपत्र जो आधीच शहाणा आहे तोच घेतो.

सुमतीताई
अहो, पण शहाण्याला सरकारने जाहिरातीत पुढे केलं तर शेजारचाही घेतो. तुमचे मीटर लावायला कोणी स्वतःहून येईल का? दोन्ही लागतं. तुम्ही प्रत्येक गोष्ट तळघरातून बघता.

भटक्या_७७
वेगळा धागा काढला आहे, पण तिकडे कोणी येत नाहीये. गाइडचं कोणी सांगेल का?

घाईत_आहे
बरं, मी असं लिहितोय: (१) दोन दरांचा रात्रवार कर, लहान घरांना दोन वर्षं शून्य, पाणीजोडणी नोंदणीवर; (२) करातला ठरलेला हिस्सा कायद्यानेच त्या त्या ठिकाणच्या पंचायतीकडे, तिजोरीतून फिरून नव्हे; (३) परवाना नूतनीकरण विजेच्या आकड्यांवर. भूतान एका ओळीत, तेही २०० चं १०० झालं एवढंच. (२) ला अर्थखातं 'कर्ज कोण फेडणार' म्हणेल, त्याला काय उत्तर देऊ?

हिशेबनीस
कर्जाचं कलम आधी सांगितलं असतं तर आज दुपारीच उत्तर मिळालं असतं. हिस्सा टक्क्यांत लिहू नका, माणशी रात्रीला ठराविक रक्कम लिहा. पर्यटक वाढले की तिजोरीचं उत्पन्न वाढतं, गावाचंही वाढतं, आणि अर्थखात्याला आकडा आधी कळतो. पंचायतीने पैसा कशावर खर्च करायचा त्याची यादी मात्र जोडा, नाहीतर स्वागतकमान बांधतील.

वहीखाते
ठराविक रक्कम महागाईत विरघळते. टक्केच बरे.

हिशेबनीस
दर तीन वर्षांनी फेरआढावा घाला की कायद्यात.

वहीखाते
असा फेरआढावा वेळेवर झालेला दाखवा एक तरी.

मीटरवाला
(३) मध्ये 'संयंत्राच्या विजेचा वेगळा मीटर' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'विजेचे आकडे' लिहिलंत तर हॉटेलवाले वातानुकूलनाचं बिल दाखवतील.