⍴ दिसतंय तसंच टाइप केलंय, तरी प्रोग्राम ओळखत नाही. एपीएलची चिन्हं नक्की कशी साठवतात?

बिटबिघाड
पायथनमध्ये एपीएलचा (खास चिन्हांनी लिहायची प्रोग्रामिंग भाषा) एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे तो कोड चालवणारा प्रोग्राम, लिहितोय, शिकायला म्हणून. ॲरेचा आकार सांगणाऱ्या ⍴ ची डिक्शनरीत एन्ट्री आहे. आता मित्राने मोबाईलवरून पाठवलेली एक ओळ चालवली तर माझाच प्रोग्राम म्हणतो 'ρ नावाचं व्हेरिएबल सापडलं नाही'. अरे व्हेरिएबल कुठून आलं? आणि दुसरं म्हणजे विंडोजवर फाईल वाचताना चारमॅपची एरर येते, बाइट ८डी डिकोड होत नाही म्हणे, पण ज्या फाईलमध्ये फक्त ⌽ (एपीएलचंच दुसरं चिन्ह) आहे ती गुपचूप उघडते आणि आत भलताच कचरा. कोणी सांगेल का काय चाललंय?

घाटावरचा_कोडर
मित्राने पाठवलाय तो ग्रीक रो. यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, त्याचा नंबर (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर) ०३सी१, आणि एपीएलचा रो २३७४ वर, म्हणजे दशमानात ९०७६. दिसायला जुळे भाऊ, पण पायथनच्या लेखी ग्रीकवालं अक्षर आहे आणि एपीएलवालं नुसतं चिन्ह, त्यामुळे तुझ्या टोकनायझरने (कोडचे तुकडे पाडणारा भाग) ग्रीक रो सरळ नाव म्हणून उचलला. दोन्हीवर इझआयडेंटिफायर (नाव म्हणून चालेल का ते सांगणारं पायथनचं फंक्शन) चालवून बघ, एकाला ट्रू येईल एकाला फॉल्स. आपल्याकडे लोक दंडाच्या जागी पाइपचं बटण दाबतात ना, तसलाच प्रकार.

आणि नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एकाच रूपात आणणं) करून सुटेल असं वाटत असेल तर नाही सुटणार. ओहमचं चिन्ह नॉर्मलाइझ केलं की ग्रीक ओमेगा होतं, पण एपीएलच्या रो-ओमेगाला यूनिकोडने तसलं नातं दिलेलंच नाही, ती कायम वेगळीच राहतात.

यूटीएफ_आठवले
दुसऱ्या प्रॉब्लेमचं सांगतो, हा जास्त मजेशीर आहे. २३७४ हा नंबर यूटीएफ-८ मध्ये (यूनिकोडचे नंबर फाईलमध्ये बाइट म्हणून साठवायची पद्धत) तीन बाइट होतं: ई२, ८डी, बी४. (आपली देवनागरी अक्षरंपण तीनच बाइट घेतात, त्यामुळे जागेचं रडगाणं नको.) तुझं विंडोज फाईल उघडताना १२५२ कोडपेज (कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर याचा जुना तक्ता) धरतंय आणि त्या कोडपेजमध्ये ८डी ची जागा रिकामी आहे, म्हणून एरर. ⌽ चा नंबर २३३डी, बाइट ई२, ८सी, बीडी, आणि या तिन्हींना १२५२ मध्ये काही ना काही अक्षर आहे, म्हणून कुरकुर न करता टोपीवाला ए, जोडलेला ओ-ई आणि अर्ध्याचं चिन्ह दाखवतं. खरं तर एरर येणं परवडलं, हे गुपचूप बिघडणं जास्त वाईट. ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ स्वतः लिहून दे, दोन्ही जातील.

जुनाटर्मिनल
थोडं अवांतर. ⌽ ला आज एक नंबर आहे, पण आयबीएमच्या २७४१ टर्मिनलवर तो गोल मारून, बॅकस्पेस देऊन वर उभी रेघ मारून बनवायचे, गोल्फबॉलवाली टायपिंग होती ती. आता बॅकस्पेसची भानगड गेली आणि जुळ्या चिन्हांची आली.

बिटबिघाड
एन्कोडिंग दिलं, फाईल उघडली, भारी! मग ग्रीक रो आला की आधीच बदलून एपीएलचा करून टाकू का?

घाटावरचा_कोडर
कर की, टोकनायझरच्या आधी एक ट्रान्सलेट टेबल टाक. ग्रीक रो नावाचं व्हेरिएबल ठेवणार कोण?

यूटीएफ_आठवले
मी नाही करणार. स्ट्रिंगमध्ये खरंच ग्रीक मजकूर असला तर तोही बदलेल आणि मग शोधत बसा. त्यापेक्षा एरर मेसेजमध्येच कोड नंबर छापा आणि 'एपीएलचा रो म्हणायचंय का' असं विचारा. आणि हो, चिन्हाच्या जागी चौकोन दिसत असेल तर एन्कोडिंगला हात लावू नका, तो फॉन्टचा प्रश्न. देजावू सॅन्स मोनो टाका, त्यात एपीएल आहे.